वहीत लिहिलेली दोन बोटं

धाकटीला घरात सगळे धाकटीच म्हणत. थोरली बहीण एकदा बोलायला लागली की मध्ये शिरायला कोणालाच फट सापडत नसे, आणि तिच्यामागून चार वर्षांनी आलेल्या या पोरीने बहुधा पाळण्यातच ओळखलं असावं की या घरातला बोलण्याचा वाटा संपलेला आहे. शाळेच्या दहा वर्षांत तिच्या प्रगतिपुस्तकावर शेरा एकच होता, 'हुशार आहे, बोलत नाही.' बाबा लिफ्ट दुरुस्त करत. ते म्हणायचे, "बिघाड नाहीये काही. आवाज न करता चालते ती लिफ्ट सगळ्यात चांगली." आई शाळांचे गणवेश शिवायची. ती तोंडातल्या टाचण्या काढून म्हणायची, "लिफ्टला कॉलेजात जायचं नसतं."

आईचं म्हणणं खरं ठरलं. कॉलेजात हजेरी घेताना धाकटी 'हजर' म्हणायची, पण तो शब्द तिच्या बाकापाशीच विरून जायचा. सर मान वर न करता पुढचा क्रमांक पुकारत. असे पहिले अकरा दिवस ती वर्गात बसून गैरहजर राहिली. बाराव्या दिवशी शेजारच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "सर, ही आहे इथे. रोज असते."

सगळा वर्ग वळून बघायला लागला. धाकटीचे कान तापले, पण त्या दिवसापासून तिची हजेरी लागायला लागली.

त्या मुलीला पुढे सगळं कॉलेज निवेदिका म्हणायला लागलं, कारण कुठलाही कार्यक्रम असो, माईक तिच्याच हातात असायचा. माईक नसला तरी फारसं अडत नसे. कँटीनमध्ये ती दोघींचं सांगायची, ग्रंथालयाच्या खिडकीशी धाकटीची पुस्तकं मागायची, धाकटीला कोणी काही विचारलं तर तीच उत्तर द्यायची, आणि गंमत म्हणजे ते बहुतेक वेळा बरोबर असायचं. धाकटी तापाने आठवडाभर घरी पडली तेव्हा निवेदिका रोज संध्याकाळी वह्या घेऊन आली. उशाशी बसून तिने सगळ्या प्राध्यापकांच्या नकला केल्या. आई इतकी हसली की शिवण उसवून पुन्हा घालावी लागली. ती गेल्यावर आई म्हणाली, "देवाने तुझं तोंड चुकून तिला दिलं बघ." आणि पहिल्यांदाच काळजी न करता शिवायला बसली.

धाकटीला आतापर्यंत मैत्रीण अशी नव्हतीच. शाळेत मुली तिच्या शेजारी बसत, कारण ती त्रास देत नसे. पण इतक्या मुलींमधून हिने आपल्याला निवडलं, या गोष्टीचं तिला रोज नव्याने नवल वाटायचं.

सहामाही परीक्षा आटोपली तसं समाजशास्त्राच्या सरांनी एक काम दिलं. शहरातलं एखादं कामाचं ठिकाण निवडायचं, तिथे जाऊन बघायचं, माणसांशी बोलायचं आणि लिहून आणायचं. दोघादोघांत. धाकटीची मावशी एका मोठ्या लाँड्रीत कामाला होती. दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी तिथे धुवायला यायच्या. धाकटीने हे हळूच सांगितलं आणि निवेदिकेने तिथल्या तिथे हात वर करून सरांना कळवून टाकलं. परवानगीसुद्धा तिनेच मिळवली. मॅनेजरच्या खोलीत ती पाच मिनिटं होती. बाहेर आली तेव्हा मॅनेजर स्वतः दारापर्यंत सोडायला आला होता.

पण आत गेल्यावर मात्र अर्ध्या तासात तिचं डोकं दुखायला लागलं. वाफ, साबणाचा वास, यंत्रांची घरघर. "तू ये ग इथे, तुला जमतंय," ती रुमालाने मान पुसत म्हणाली. "लिहायचं तू, मांडायचं मी. वर्गात मी बोलते. तुला बोलावं लागणार नाही." धाकटीला यापेक्षा चांगली वाटणी सुचलीच नसती.

मग ती दर शनिवारी एकटी जायला लागली. सकाळी कॉलेज, दुपारी लाँड्री, असे चार महिने.

तळघरात मळके कपडे उतरत. तिथे त्यांची वर्गवारी व्हायची. वरच्या मजल्यावर धुण्याची पिंपं, त्यांतून निघालेल्या ओल्या चादरींच्या ढकलगाड्या, आणि हॉलच्या मधोमध तो गरम रोलर. दोन खाटा एकीपुढे एक मांडाव्यात इतका लांब. एका बाजूने दोघी बाया चादरीची टोकं धरून ती ताणून आत सोडत, दुसऱ्या बाजूने ती कडक होऊन बाहेर येई आणि तिथल्या दोघी तिची घडी घालत. घडी घालणाऱ्यांत मावशी होती. कुठल्या दवाखान्याची चादर कुठली हे ओळखायला कोपऱ्यात रंगीत दोऱ्याचे टाके असत. चादरींतून काय काय निघायचं त्याला सुमार नव्हता. चष्मे, कंगवे, एका लहान मुलाचा एक मोजा. एकदा दातांची कवळी निघाली. तिच्यासाठी कोणी आलंच नाही. ती तीन दिवस खिडकीत ठेवली होती आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघून हसत होती. चौथ्या दिवशी मॅनेजरने ती उचलून आपल्या खणात ठेवली, तेव्हा बायांनी त्याची म्हातारपणाची सोय झाली असं म्हणून घेतलं.

बाया धाकटीशी बोलायच्या, कारण ती मध्ये तोंड घालत नसे. बाहेरचं माणूस विचारायला आलं की दुसरा प्रश्न तयार ठेवूनच पहिला विचारतं. ही काहीच विचारायची नाही. ढकलगाडीच्या कडेला बसायची, मांडीवर वही धरून. "ही तुमची भाची आहे की कपाट?" एकीने मावशीला विचारलं. "काहीही ठेवा, बाहेर पडत नाही." मावशी अभिमानाने हसली. सगळ्या जणी त्या कपाटात काही ना काही ठेवायला लागल्या. नवऱ्याचं, सासूचं, मुलाच्या नापास होण्याचं, गुडघ्याचं.

ठेवत नव्हती ती फक्त रोलरताई. तिचं खरं नाव हजेरीपुस्तकात असेल तेवढंच. बावीस वर्षं ती रोलरच्या तोंडाशी उभी होती. पन्नाशीची, उंच, कमी बोलणारी. तिने सोडलेल्या चादरीला सुरकुती पडत नसे. नव्या बाईला काम शिकवायचं झालं तर मॅनेजर म्हणायचा, "तिच्याकडे बघा फक्त." ती धाकटीकडे बघून मान हलवायची, बस. धाकटीला ती सगळ्यांत जास्त आवडायची.

एका शनिवारी चहाच्या सुट्टीत रोलरताईने पेला तोंडाला लावला आणि धाकटीला दिसलं, तिच्या उजव्या करंगळीवर टपोरा फोड आला होता. ताजा होता.

"ताई, भाजलंय तुम्हाला."

रोलरताईने बोट वळवून बघितलं. दुसऱ्या कोणाचं तरी बोट बघावं तसं. मग इकडेतिकडे नजर टाकून ती धाकटीजवळ सरकली.

"मला कळलंच नाही," ती म्हणाली. "वर्ष झालं. करंगळी आणि तिच्या शेजारचं. चिमटा काढला तरी समजत नाही. बघून बघून काम करते मी."

"डॉक्टर?"

"डॉक्टर सांगणार गरम कामाजवळ जाऊ नका. मग मी कुठे जाऊ? तळघरात?" तिने पेला खाली ठेवला. "कोणाला सांगू नकोस. तुझ्या मावशीलासुद्धा नाही."

"नाही सांगणार," धाकटी म्हणाली. त्या हॉलमध्ये चार महिन्यांत ती इतकं स्पष्ट दुसरं काही बोलली नव्हती.

तिने कोणाला सांगितलं नाही. घरी येऊन लिहिलं मात्र. लिहिल्याशिवाय तिला राहवत नसे. जी गोष्ट लिहिली नाही ती तिच्या छातीत उभ्याची उभी राहायची. कामाचं सगळं ती वहीच्या पुढच्या पानांवर लिहायची आणि स्वतःपुरतं असेल ते वही उलटी करून मागून. रोलरताईची दोन बोटं तिने मागे लिहिली. दोन पानं झाली. चिमटा, फोड, 'बघून बघून काम करते' हे वाक्य, आणि ओली चादर आत सोडताना रोलरताईची नजर कशी हातावरून हलत नाही, तेही.

महिनाअखेरीस निवेदिकेने वही मागितली. "दे, मी सगळं नीट मांडते." धाकटीने वही हातात धरून ठेवली. मागची पानं फाडावीत असं तिच्या मनात आलं होतं, पण शिवलेल्या वहीचं एक पान ओढलं की समोरचं दुसरं सुटतं, आणि त्या दुसऱ्यावर चादरींच्या दोऱ्यांची सगळी यादी होती.

"मागची पानं बघू नकोस," ती म्हणाली. "ती माझी आहेत."

"बरं ग बाई, तुझी प्रेमपत्रं मी वाचणार नाही," निवेदिका हसत म्हणाली आणि वही पिशवीत टाकून गेली.

वर्गातलं सादरीकरण छान झालं. निवेदिका अर्धा तास बोलली. कवळीच्या गोष्टीला वर्ग पोट धरून हसला. धाकटी शेजारी उभी राहून चित्रांचे कागद उलटत होती. पहिल्या कागदावर दोघींची नावं होती. सर म्हणाले, "उत्तम." धाकटीला वाटलं, कॉलेजचं वर्ष म्हणतात ते हेच, आणि ते आपल्याला जमलं.

वर्ष संपत आलं तेव्हा कॉलेजचा वार्षिक अंक निघाला. ग्रंथालयात गठ्ठे आले होते. धाकटीने एक प्रत घेतली, खिडकीजवळ उभी राहिली आणि अनुक्रमणिकेत तिला 'वाफेतल्या बायका' दिसलं. पुढे निवेदिकेचं नाव होतं. एकटीचं.

तिने पान काढलं. पहिलं वाक्य तिचं होतं, दुसरंही. 'ओल्या चादरीचं वजन उचलणाऱ्यालाच कळतं, तिच्यावर झोपणाऱ्याला कळत नाही.' हे तिने आईच्या शिलाई मशीनच्या आवाजात, कोपऱ्यातल्या पाटावर बसून लिहिलं होतं. तिने घाईने शेवट काढला. शेवटी आभार होते. मॅनेजरचे, सरांचे, 'आणि सोबत आलेल्या मैत्रिणीचे'.

मधली पानं तिने वाचलीच नाहीत. अंक मिटून गठ्ठ्यावर ठेवला आणि घरी गेली. ताप नव्हता, पण दोन दिवस ती अंथरुणात पडून राहिली. सोबत आलेली मैत्रीण. तिने आईला काही सांगितलं नाही. आपल्याला आपलं नाव छापलेलं बघायचं होतं, हे तिला स्वतःलाच आत्ता कळत होतं, आणि त्याची लाजही वाटत होती. निवेदिकेचे तीन निरोप आले, 'कुठे आहेस?' असे. तिसऱ्यात हसरा चेहरा होता.

शनिवारी ती सवयीने लाँड्रीत गेली. काम कधीच संपलं होतं, पण जायची सवय सुटली नव्हती. हॉलमध्ये पाऊल टाकलं तसं तिला काहीतरी वेगळं जाणवलं. यंत्रं चालू होती, बाया गप्प होत्या. रोलरच्या तोंडाशी भलतीच बाई उभी होती. बाहेर येणाऱ्या चादरीला मधोमध वळ्या पडत होत्या.

मावशीने हातातली घडी टाकली, तिला दंडाला धरलं आणि जिन्यात नेलं.

"काय लिहिलंस तू?"

"मी काही..."

"तुझी ती मैत्रीण बुधवारी येऊन मॅनेजरला अंक देऊन गेली. आभार मानायला. त्याने तिथेच वाचला. रोलरताईला बोलावलं आणि विचारलं, तुझी दोन बोटं मेलीत म्हणे? मलासुद्धा माहीत नव्हतं. मी रोज तिच्या समोर उभी असते. ती म्हणाली, हे मी एकाच माणसाला सांगितलं होतं. आणि माझ्याकडे बघितलं नाही तिने. तेव्हापासून कोणीच बघत नाहीये माझ्याकडे."

"ताई काय म्हणाल्या मॅनेजरला?"

"काय म्हणणार? 'लिहिणारीला विचारा' म्हणाली. त्याने घरी बसवलंय. डॉक्टरचा कागद आण म्हणे." मावशीने पदराने नाक पुसलं. "तू आता इथे येऊ नकोस."

धाकटी तिथून थेट ग्रंथालयात गेली आणि तिने उभ्याउभ्या मधली पानं वाचली. लेखाच्या शेवटच्या दोन पानांत, आभारांच्या आधी, तिच्या वहीची मागची दोन पानं जशीच्या तशी होती. उजवी करंगळी, फोड, चिमटा. फक्त एक भर होती. रोलरताई रोज यंत्रासमोर मूकपणे रडते, असं निवेदिकेने आपल्या पदरचं घातलं होतं.

सोमवारी ती निवेदिकेला जिन्यात भेटली. म्हणजे तासभर आधी येऊन उभीच राहिली होती.

"कुठे होतीस? मी किती निरोप पाठवले," निवेदिका म्हणाली. मग चेहरा बघून तिने सूर बदलला. "नावाचं ना? अग, मी सांगणारच होते. संपादक म्हणाले एकच नाव घालतात. तुझं आभारात आहे."

"माझं नाव नाहीये आभारात. मैत्रीण आहे." धाकटीला श्वास घ्यायला थांबावं लागलं. "तू मागची पानं का वाचलीस?"

"अग, तीच तर चांगली होती."

हे तिने अगदी सहज म्हटलं. मग धाकटीने सगळं सांगितलं. एवढं सलग ती निवेदिकेशी कधी बोलली नव्हती. रोलरवर दुसरी बाई आहे, रोलरताई घरी बसली आहे, मावशीशी कोणी बोलत नाही.

निवेदिकेचा चेहरा उतरला. तिला खरंच वाईट वाटलं होतं, ते दिसत होतं. पण ते फार वेळ टिकलं नाही.

"पण बघ, ते खरंच आहे ना? उद्या तिचा हात आत गेला असता तर? कोणीतरी बोलायला हवंच होतं. तू तर बोलली नसतीस."

"मी नाही बोलणार असं सांगितलं होतं तिला."

"मी कुठे तसं सांगितलं होतं तिला?"

"तू माझ्याबरोबर चल," धाकटी म्हणाली. "मॅनेजरला सांग, ती दोन पानं तू मनाने रचलीस. तुझं नाव आहे. तुझं ऐकतील."

निवेदिका जिन्याच्या कठड्याला टेकली. "नाही ग जमणार. सरांनी लेख आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला पाठवलाय. सत्य अनुभव असा गट आहे. रचलं म्हटलं तर बाद होईल." आणि मग जरा समजुतीच्या सुरात, "तू उगाच मनाला लावून घेतेस. होईल सगळं नीट." तिने पिशवीतून वही काढून धाकटीच्या हातात ठेवली. "ही घे. झालंय माझं."

धाकटी सरांकडे गेली. प्राध्यापकांच्या खोलीबाहेर ती दोन तास उभी होती. आत-बाहेर करणाऱ्या शिपायाला ती कोणाची तरी बहीण वाटली. सरांनी चष्मा वर सरकवला आणि मायेने विचारलं, "कुठल्या वर्गात आहेस तू, बाळ?"

दहा महिने ती त्यांच्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसली होती.

तिने लेखाचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, पुढच्या अंकात शुद्धिपत्र घालू, साहाय्य म्हणून तुझं नाव देऊ. ती म्हणाली, नाव नको, ती शेवटची दोन पानं खोटी आहेत असं छापा.

"खोटी आहेत का?" सरांनी विचारलं.

ती त्यांच्या टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत राहिली. सरांनी घड्याळाकडे बघितलं.

आता मॅनेजर उरला होता. रस्ताभर तिने वाक्य घोकलं. ते मी लिहिलं, ते मी मनाने रचलं. ते मी लिहिलं, ते मी मनाने रचलं. लाँड्रीच्या दारातल्या माणसाने तिला ओळखलं आणि अडवलं नाही. मॅनेजरच्या टेबलावर अंक तसाच पडला होता, चहाच्या पेल्याचा गोल वळ उठलेला. तिने वाक्य म्हटलं. आवाज तिला स्वतःला ऐकू आला, म्हणजे बराच मोठा असणार.

मॅनेजरने अंक उघडला, नावावर बोट ठेवलं. "हे नाव तुझं आहे?"

"नाही. पण लिहिलं मी."

"कशावरून?"

वही तिच्या पिशवीत होती. तिच्या अक्षरात, तारखेसकट. वही पुढे केली की लेख तिचा आहे हे सिद्ध होणार होतं. पण वहीत ते असं लिहिलं होतं की वाचणाऱ्याला शंका राहू नये. त्याच चहाच्या सुट्टीतले तेच शब्द. पिशवीचा पट्टा हातात आवळून ती उभी राहिली.

मॅनेजर काही दुष्ट माणूस नव्हता. त्याने पाण्याचा पेला तिच्यापुढे सरकवला. "हे बघ, तू त्या बाईच्या मायेपोटी आलीस, कळतंय मला. पण उद्या तिचा हात रोलरमध्ये गेला, तर मी कोणाला तोंड दाखवू? मला माहीत नव्हतं तेव्हा ठीक होतं. आता मला माहीत आहे. छापलंय ना." तो अंक त्याने बंद केला. "घरी जा."

दुसऱ्या दिवशी ती रोलरताईच्या घरी गेली. पत्ता मावशीने दिला नाही, दारातल्या माणसाने दिला. सायकलच्या दुकानावरची एक खोली. दार उघडंच होतं. रोलरताई जमिनीवर बसून धुतलेले कपडे घडी करत होती. ती उठली नाही, बस म्हणाली नाही, जा असंही म्हणाली नाही. धाकटी उंबऱ्यातच बसली.

"ताई, ते मी कोणाला सांगितलं नव्हतं. लिहिलं होतं. वही दुसरीकडे गेली." एवढंच तिला बोलायचं होतं. येताना बरंच जास्त होतं, पण ते आता सगळं सबबींसारखं वाटत होतं.

रोलरताईने एक उशीचा अभ्रा घडी केला. डावा हात वापरत होती. "मला वाचू दिलं नाही त्याने," ती म्हणाली. "नुसतं विचारलं. आहे तुझ्याकडे ते?"

धाकटीने अंक आणला होता. तिने शेवटची दोन पानं मोठ्याने वाचली. खाली सायकलवाल्याची हातोडी चालली होती, त्यामुळे आवाज चढवावाच लागला. यंत्रासमोर मूकपणे रडते, या वाक्याशी रोलरताईने हात वर केला.

"मी कधी रडले?"

"ते मी नाही लिहिलं."

"मग तू काय लिहिलंस?"

धाकटीने वही काढली, उलटी केली आणि मागून वाचायला सुरुवात केली. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. 'बघून बघून काम करते' आलं तेव्हा रोलरताईने डोळे मिटून घेतले. हातोडी मध्येच थांबली, पुन्हा सुरू झाली. वाचून झाल्यावर तिने ते उघडले.

"बरोबर लिहिलंयस," रोलरताई म्हणाली. "असंच आहे ते. पण हे मी तुला दिलं होतं. वहीला नव्हतं दिलं."

धाकटीने वही मिटली.

"आण ती इकडे."

त्या वहीत चार महिने होते. दोऱ्यांची यादी होती, कवळी होती, ढकलगाडीच्या कडेला बसून ऐकलेलं सगळ्यांचं सगळं होतं. धाकटीने ती दोन्ही हातांनी पुढे केली. रोलरताईने ती उघडलीसुद्धा नाही. घडी केलेल्या अभ्र्यांच्या खाली सरकवली आणि पुढचा कपडा घेतला.

"जा आता," ती म्हणाली. "अंधार व्हायच्या आत घरी जा." रागाने नव्हे, मायेनेही नव्हे.

डॉक्टरने कोपरात शीर दबल्याचं निदान केलं. वर्षानुवर्षं हात एकाच कोनात वाकलेला राहिल्याने होतं म्हणाला. गरम कामाजवळ जायचं नाही असं त्याने कागदावर लिहून दिलं. मॅनेजरने रोलरताईला कामावर परत घेतलं आणि तळघरात पाठवलं, मळक्या कपड्यांच्या वर्गवारीला. तिथे खिडकी नाही. वरच्या हॉलमध्ये बाया हळूहळू मावशीशी बोलायला लागल्या, पण घरचं काही निघालं की एकमेकींकडे बघून थांबायच्या. मावशी दोन महिने धाकटीच्या घरी आली नाही. आईला कारण कळलं तेव्हा ती टाचण्या तोंडात तशाच धरून बसली, आणि मग म्हणाली, "ती पोरगी या घरात जेवली होती." बाबांनी धाकटीच्या डोक्यावर हात ठेवला आणि लिफ्टचं बटण दाबावं तसा लगेच काढूनही घेतला.

लेखाला पहिलं बक्षीस मिळालं. निवेदिकेने व्यासपीठावरून 'त्या अनाम कष्टकरी ताईंना' ते अर्पण केलं. टाळ्या बराच वेळ चालल्या. धाकटी मागच्या दाराशी उभी होती. तिला वाटलं होतं आपल्याला राग येईल. राग आलाच. पण त्याच्याबरोबर निवेदिकेचा आवाजही आवडला, नेहमीसारखाच, आणि ते तिला स्वतःला फार लागलं.

दुसरं वर्ष सुरू झालं. धाकटी आता हजेरीला 'हजर' म्हणते ते सरांना ऐकू जातं. निवेदिका तिला दिसली की हात करते, धाकटी करत नाही. एकदा निवेदिकेने तिला गाठून विचारलं, "अजून रागावलीस?" धाकटी "हो" म्हणाली. निवेदिकेला या उत्तराची सवय नव्हती. ती हसून पुढे गेली, आणि आठवड्याभरात तिच्या शेजारी पहिल्या वर्षातली एक नवी मुलगी दिसायला लागली. बारीकशी, केसांची एकच वेणी, सतत चित्रांच्या वहीत डोकं घातलेली. निवेदिका तिच्यासाठी कँटीनमध्ये सांगत होती.

धाकटीला चार दिवस लागले, पण पाचव्या दिवशी तिने त्या मुलीला पाण्याच्या नळापाशी गाठलं आणि म्हणाली, "तुझी वही तिला देऊ नकोस."

मुलीने वही छातीशी धरली. धाकटीला वरपासून खालपर्यंत बघितलं. "ती म्हणाली होती तू येशील," मुलगी म्हणाली. "तुमचं काय झालं ते तिने सांगितलंय मला." आणि बाटली अर्धीच भरून निघून गेली.

त्या रविवारी मावशी घरी आली. आल्या आल्या आईजवळ बसली आणि गणवेशांच्या काजांना दोरा ओढून द्यायला लागली. धाकटी कोपऱ्यात बसली होती. बोलणं इकडचं तिकडचं झालं. मग मावशी वर न बघता म्हणाली, "काल जेवणाच्या सुट्टीत रोलरताई वर आली होती. विचारत होती, तुमची ती पोरगी कितवीला आहे."

"काय सांगितलंस?" आईने विचारलं.

"दुसऱ्या वर्षाला म्हटलं."

"मग?"

"मग काही नाही. डबा घेऊन खाली गेली."

मावशीने दोरा दातांनी तोडला आणि पुढचा सदरा ओढून घेतला.